मागच्याच्या वाट्याचा धूर

आकाशवाणीवर मला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा कवितेवर बोलण्यासाठी. या वेळी विषय मीच कळवायचा होता. मी तो पत्रानं कळवला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. "तुम्ही 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड' असं लिहिलंय. हे तुमच्या नव्या कवितासंग्रहाचं नाव आहे का?"

"नाही," मी म्हटलं, "ज्याच्यामुळे माझा कवितासंग्रह निघाला नाही, त्या गोष्टीचं नाव आहे."

श्रोतेहो, तीच गोष्ट आज सांगतो.

मी मिरजेचा. एका खासगी कचेरीत हिशेब लिहितो आणि उरलेल्या वेळात कविता. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. गाडीच्या इंजिनावर बोलण्याचा मला काडीचा अधिकार नाही. पण ज्याच्या खिशाला चाट बसली आणि ज्याला पश्चात्ताप झाला, त्यानं थोडं बोललं तर चालावं.

आमची गाडी 2009 सालची. लहानशी, पेट्रोलवर चालणारी, आमच्या आधी दुसऱ्याकडे नांदून आलेली. 2024 मध्ये तिला पंधरा वर्षं झाली, तेव्हा आरटीओत नेऊन, तपासणी करून तिची नोंदणी पुन्हा करून घेतली. गाडीचं मुख्य काम एकच. मुलगी आणि जावई कोल्हापूरला नोकरी करतात, दोघांनाही शनिवारची सुट्टी नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी चार वर्षांच्या नातीला मिरजेला आणायचं आणि रविवारी संध्याकाळी परत पोचवायचं. अंकलीचा पूल, जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली, कोल्हापूर. जेमतेम पन्नास किलोमीटर. गाडी चालवणार मी, मागे नातीला मांडीवर घेऊन तिची नानी.

2025 च्या जानेवारीत गाडीबाबत तीन तक्रारी एकदमच सुरू झाल्या. पहिली म्हणजे सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून टिक-टिक असा आवाज यायचा. पाच-दहा मिनिटांत गाडी तापली की तो आपोआप थांबायचा. दुसरी, गाडीला ओढ राहिली नव्हती. हंगामाचे दिवस, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर. एखाद्याला ओलांडायचं म्हणून पाय दाबला की गाडी नुसती घुसमटायची. शेवटी जयसिंगपुरापासून हातकणंगल्यापर्यंत उसाच्या मागेमागे जायचं. आणि तिसरी, बायको म्हणायची, "गाडीत बसलं की माझं डोकं दुखतं. मळमळतं."

पहिल्या दोन तक्रारी मी मिस्त्रींना सांगायच्या म्हणून वहीत लिहून ठेवल्या. तिसरी लिहिली नाही.

का लिहिली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर तिची तक्रार मला गाडीची वाटलीच नाही, तिची वाटली. मी म्हटलं, वय झालं. म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मिरज हे डॉक्टरांचं गाव, तेव्हा एका डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी तिला विचारलं, "कधी दुखतं?" ती तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "नेहमीचंच आहे हो, डॉक्टर." त्यांनी रक्तदाब पाहिला, तो ठीक होता. गोळ्या दिल्या. ती काहीच बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारात बायका कधी गप्प बसतात आणि का, हे कविता लिहिणाऱ्याला तरी कळायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट होती. ती तर आम्ही तक्रार म्हणून धरलीच नव्हती. नात गाडीत बसली की अंकलीचा पूल ओलांडायच्या आत झोपायची आणि कोल्हापूर आलं तरी उठायची नाही. आम्ही कौतुकानं सांगायचो, किती गुणी पोर आहे, प्रवासात जरा म्हणून त्रास देत नाही.

आमचे मिस्त्री पासष्टीचे आहेत. पंढरपूर रस्त्याला पत्र्याची शेड, बाहेर दोन-तीन उघडी पडलेली इंजिनं, चहाचे ग्लास आणि पाने धुणारा एक पोरगा. आम्ही आपसात दखनीत बोलतो, इथे त्यांचं बोलणं मराठीत सांगतो. ते मला 'शायर' म्हणतात. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मी अजून विचारलेलं नाही.

गाडी रात्रभर त्यांच्या शेडमध्ये ठेवली, कारण त्यांना ती थंड असताना ऐकायची होती. सकाळी त्यांनी इंजिन चालू केलं आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक इंजिनावर ठेवलं आणि मूठ कानाला लावली. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर असाच मान कलती करून ऐकत बसतात, त्याची मला आठवण झाली. मिस्त्रींनी दोन-चार ठिकाणी कान दिला आणि इंजिन बंद केलं. मग चार बोल्ट काढून एक वाकडातिकडा पत्रा बाजूला केला आणि बॅटरी आत धरली.

"इथे बघा, शायर."

पत्र्याखाली बिडाचा एक ओबडधोबड भाग होता, हाताच्या चार बोटांसारखा. त्यालाच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. इंजिनात चार सिलेंडर, चौघांची धूर सोडायची चार तोंडं. चार ओढे एका नदीला मिळावेत तसा चौघांचा धूर गोळा करून एका नळीत सोडायचा, हे या मॅनिफोल्डचं काम. दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाच्या मधल्या बेचक्यात केसाएवढी भेग होती आणि भेगेच्या भोवती काळा ठसा. दिव्याच्या काचेवर काजळी धरते तसा.

टिक-टिक का यायची, ते त्यांनी समजावलं. प्रत्येक सिलेंडर धूर ढकलतो तेव्हा त्यातला थोडा या फटीतून फटकन् बाहेर पडतो, तोच आवाज. बीड तापून फुगलं की फट आवळली जाते, आवाज दबतो. म्हणून गाडी तापल्यावर मला वाटायचं, दुखणं बरं झालं. दुखणं बरं झालेलं नसायचं, नुसता आवाज बंद व्हायचा.

भेग कशानं पडली? ते म्हणाले, वर्षानुवर्षं शेकडो अंशांपर्यंत तापायचं आणि निवायचं. पावसाळ्यात तापलेल्या बिडावर डबक्याचं गार पाणी उडायचं. आधाराचा एखादा बोल्ट ढिला झालेला असायचा. बीड कडक असतं, पण लवचीक नसतं. तडकतं.

मग फडक्याला हात पुसत त्यांनी सहज विचारलं, "गाडीत घरची माणसं बसतात ना? कुणाचं डोकं वगैरे दुखतं का?"

श्रोतेहो, मला क्षणभर काही बोलता आलं नाही. मी वहीत जे लिहिलं नव्हतं, ते या माणसानं भेग पाहून ओळखलं होतं.

इंजिनातून निघणाऱ्या ताज्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूला जितकं धरतं, त्याच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट ते या वायूला धरतं. एकदा त्यानं जागा अडवली की प्राणवायूला जागा उरत नाही. मग आधी डोकं दुखतं, मळमळतं आणि झोप येते. फार झालं तर माणूस उठतच नाही. एरवी हा धूर नळीतून मागे जातो. पण आमच्या गाडीत तो बॉनेटखालीच सुटत होता. गाडीच्या आत खेळणारी हवा पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून आत येते, म्हणजे अगदी बॉनेटच्या मागच्या कडेशी. थंडीमुळे आमच्या काचा बंद आणि पंखा चालू. ट्रॅक्टरच्या मागे गाडी रखडली की पंखा बॉनेटखालची हवा आत ओढणार. मला पान खायची सवय आहे, म्हणून माझ्या बाजूची काच कायम चार बोटं उघडी. मागे बसलेल्या दोघींच्या बाजूची बंद.

गुणी पोर का झोपत होती, हे मला शेडमध्ये उभ्या उभ्या कळलं.

मॅनिफोल्ड बदलायला मी किंमत न विचारता हो म्हटलं. पण मिस्त्रींचं बोलणं संपलं नव्हतं. गाडी वर घेऊन त्यांनी खालचा एक डबा सोडवला. मॅनिफोल्डच्या पुढे, सायलेन्सरच्या अलीकडे असलेला, आडव्या तांब्यासारखा. कानाशी धरून हलवला. वाळलेली शेंग हलवावी तसा तो खुळखुळला.

हाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. शाळेत 'उत्प्रेरक' असा शब्द आपण पाठ केलेला असतो. स्वतः खर्च न होता दुसऱ्यांमधली रासायनिक क्रिया घडवून आणणारा. परीक्षेपुरती ही व्याख्या मला पाठ होती, तो पदार्थ आपल्याच गाडीखाली आहे हे ठाऊक नव्हतं. डब्याच्या आत चिनीमातीच्या जातीची एक जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी. एका चौरस इंचात साधारण 400 छिद्रं. छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर. धातू सगळे मिळून काही ग्रॅमच, पण त्यांच्यावरून गरम धूर जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं आणि नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन होतो. हवेत मुळातच जो असतो तोच.

आमच्या डब्यातली जाळी अर्धी वितळून गोळा झाली होती, उरलेली फुटून खुळखुळत होती. धूर जायला वाट नाही म्हणून इंजिन घुसमटत होतं. ओढ का गेली, त्याचं उत्तर हे.

"हा आपल्या मरणानं मेला नाही," मिस्त्री म्हणाले. "मारलाय. मारणारा वर आहे." आणि त्यांनी मॅनिफोल्डकडे बोट दाखवलं.

धुराच्या वाटेवर प्राणवायू मोजणारा एक सेन्सर बसवलेला असतो. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ते त्याच्या सांगण्यावरून ठरतं. भेगेतून धूर बाहेर जातो, तशी दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवाही आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं, प्राणवायू जास्त झाला, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. तो तसं सांगतो आणि इंजिनाला जादा पेट्रोल मिळतं. ते सगळं जळत नाही. उरलेलं जाळीत जाऊन जळतं आणि जाळीच वितळते. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता, त्याला दिसलं तेच सांगत होता. चूक त्याच्या आधी झाली होती. म्हणून मिस्त्रींचं म्हणणं, नुसता कन्व्हर्टर नवा बसवून उपयोग नाही. वरची भेग तशीच राहिली तर तोही असाच जाईल. सिलेंडरमध्ये ठिणगी नीट पडत नसेल, तरी जाईल. म्हणून त्यांनी चारही प्लग काढून पाहिले. त्यातले दोन बदलायला लावले.

आता पैसे. मॅनिफोल्ड, त्याचं पॅकिंग, स्टड, प्लग आणि मजुरी मिळून 9,000 रुपये. नवा कन्व्हर्टर 28,500. माझ्याकडे बाजूला ठेवलेले 30,000 होते, तिसऱ्या कवितासंग्रहासाठी. मराठीत कवीनं स्वतःच्या पदराला खार लावून पुस्तक काढायचं, ही काही नवी गोष्ट नाही. ही रक्कम मी दोन वर्षं साठवत होतो.

मिस्त्रींनी माझा चेहरा वाचला. म्हणाले, "दुसराही रस्ता आहे. डबा कापायचा, जाळी काढून टाकायची, रिकामा डबा परत वेल्ड करून बसवायचा. 1,500 रुपयांत काम होतं. बाहेरून कुणाला कळत नाही. गाडीची ओढही परत येते. पुष्कळ लोक करून घेतात. मी करत नाही, पण करणारे आहेत."

इथे खरी परीक्षा होती. मॅनिफोल्ड बिघडला तर त्रास गाडीतल्याला होतो, म्हणून मी किंमत न विचारता हो म्हटलं होतं. कन्व्हर्टर काढून टाकला तर गाडीतल्याला काहीच होत नाही. हा गाडीतला असा एक भाग आहे, जो मालकासाठी काहीही करत नाही. वेग वाढवत नाही, आराम देत नाही. त्याचं सगळं काम मागून येणाऱ्यासाठी. सायकलवाल्यासाठी, सिग्नलला मागे थांबलेल्या बाईसाठी, कडेनं शाळेत जाणाऱ्या पोरासाठी. त्यांच्यापैकी कुणी माझ्या दारात भांडायला येणार नव्हतं. मी मिस्त्रींना म्हटलं, "उद्या सांगतो."

घरी आल्यावर बायकोला आधी डोकेदुखीचं सांगितलं. भेग, काजळी, पंखा, सगळं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मी उगाच बोलत नव्हते."

एवढंच. मला वाटलं होतं, रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. मी माफी मागितली, तर म्हणाली, "माझं राहू द्या. पोरीचं सांगा, तिला काही झालं नाही ना?" त्याच संध्याकाळी मुलीला फोन करून नातीला डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. नात ठणठणीत होती. मोकळ्या हवेत गेलं की हा वायू रक्तातून हळूहळू निघून जातो, ही देवाची कृपा.

मग मी दुसऱ्या रस्त्याचं सांगितलं. 1,500 चं आणि पुस्तकाचंही. तिनं सूप खाली ठेवलं.

"माझ्या नाकातला धूर काढायचा आणि मागच्याच्या नाकात घालायचा. असंच ना?"

मी म्हटलं, "अगं, रस्त्यावर एवढ्या गाड्या आहेत. आपल्या एकीनं काय फरक पडतो?"

ती म्हणाली, "डॉक्टरांसमोरही तुम्ही असंच म्हणाला होता. नेहमीचंच आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमची गल्ली अरुंद आहे. गाडी लावतो तेव्हा तिची मागची बाजू शेजारच्या उंबऱ्याकडे असते. त्या उंबऱ्यावर सकाळी उन्हाला एक म्हातारी बसते. मी सकाळी गाडी चालू करायचो आणि तापू दे म्हणून आत जाऊन चहा प्यायचो. आजी पदर नाकाला लावायच्या. मला ते रोज दिसायचं, पण त्याचा अर्थ कधी लागला नव्हता. सकाळी मिस्त्रींना फोन केला, नवाच घाला.

पैसे जाणारच होते, तेव्हा ते कशावर जातात ते तरी कळावं, म्हणून मी वाचून काढलं. गाडीच्या धुरासाठी असा डबा करण्याचा ध्यास घेतलेल्या पहिल्या माणसांपैकी एक होते युजीन हूद्री. मूळचे फ्रेंच, अमेरिकेत जाऊन स्थिरावलेले इंजिनिअर. उत्प्रेरक वापरून खनिज तेलापासून उत्तम पेट्रोल काढण्याची पद्धत त्यांनी बसवली होती. म्हणजे आयुष्याचा पहिला भाग गाड्यांना चांगलं पेट्रोल देण्यात गेला आणि 1950 च्या दशकात ते त्याच पेट्रोलच्या धुराच्या मागे लागले. पण त्यांचा डबा तेव्हा रस्त्यावर टिकेना. इंजिनात खडखड होऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत, ही युक्ती 1921 मध्ये सापडलेली. ते शिसं जाळीवर बसायचं आणि उत्प्रेरक निकामी व्हायचा. अखेर अमेरिकेत 1975 च्या गाड्यांपासून कन्व्हर्टर सर्रास आले आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचं पेट्रोलही आलं.

आपल्याकडे 1 एप्रिल 1995 पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत पेट्रोलच्या नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं. फेब्रुवारी 2000 पासून देशभरातच पेट्रोलमधलं शिसं बंद झालं. जगात मोटारींसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते 2021 मध्ये थांबलं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. ते पेट्रोलमधून गेलं, त्याला आरोग्याची कारणं होतीच, पण या नाजूक जाळीला ते सोसत नाही, हेही एक मोठं कारण होतं. मागच्यांसाठी घातलेल्या एका डब्यानं पुढच्या पिढीचंही भलं केलं.

कामाला दोन दिवस लागले. मी रजा काढून शेडमध्ये बसलो. आदल्या संध्याकाळीच सगळ्या नटांवर तेल सोडून ठेवलं होतं. पंधरा वर्षांचा गंज, पाना लावून जोर केला तर स्टड तुटणार. तरी एक तुटलाच, तोही इंजिनाच्या आत अडकून. पोरगा म्हणाला, राहू दे की एक, सात आहेत. मिस्त्रींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग दीड तास खपून त्यांनी तो तुकडा ड्रिलनं पोखरून काढला आणि आटे पुन्हा पाडले. इंजिनाची बाजू घासून स्वच्छ केली, त्यावर पोलादी पट्टी उभी धरून मागून उजेड दाखवला. पट्टीखालून उजेड आला तर पृष्ठभाग सपाट नाही, पॅकिंग नीट बसणार नाही.

नवा मॅनिफोल्ड लावताना नट मधले आधी, मग दोन्ही बाजूंचे, शेवटी टोकाचे, असे आवळले. तेही एकदम नाही, तीन फेऱ्यांत, ताण मोजणाऱ्या पान्यानं. एका टोकापासून आवळत गेलं तर दुसरं टोक उचललं जातं आणि तिथेच पुढे फट पडते. मग सेन्सर, कन्व्हर्टर आणि त्यांचे पत्रे. इंजिन चालू करून पोरग्यानं सायलेन्सरच्या तोंडावर ओलं पोतं क्षणभर दाबून धरलं. कुठे गळत असेल तर आतला दाब वाढून तिथून फुसफुस ऐकू येते. मिस्त्रींनी कान लावला, सगळीकडे शांत होतं. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर त्यांनी नट पुन्हा एकदा तपासले, मगच गाडी हातात दिली.

फुटका कन्व्हर्टरही त्यांनी मला परत दिला. म्हणाले, "हा भंगारवाल्याला फुकट देऊ नका, आत मोलाचे धातू आहेत." खरंच होतं. 2021 मध्ये ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या कितीतरी पट झाला होता, आणि परदेशांत या डब्यांच्या चोऱ्यांचा सुळसुळाट झाला तो याच धातूंपायी. माझ्या मेलेल्या डब्याचे 3,000 आले. मिस्त्रींनी तो ठेवून घेतला असता तर मला कळलंही नसतं. पण न कळणाऱ्या गोष्टीत माणूस काय करतो, यावरच तर हे सगळं भाषण आहे.

जाता जाता मिस्त्रींनी सांगितलेल्या चार गोष्टी तुम्हालाही सांगतो. गाडीत बसल्यावर डोकं दुखत असेल आणि उतरल्यावर थांबत असेल, तर माणसाच्या आधी गाडी तपासा, आणि तोवर काचा उघड्या ठेवा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. कन्व्हर्टर असलेली गाडी ढकलून सुरू करू नका, न जळलेलं पेट्रोल जाळीत जातं. आणि गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नका, हा डबा गवत पेटवण्याइतका तापतो. जाळी काढून टाकण्याबद्दल कायदाही आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी चालवली तर 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंड पकडल्यावर होतो. आजींना पदर त्याच्या आधीच नाकाला लावावा लागतो.

कन्व्हर्टरनं धुराचं अत्तर होत नाही, हेही खरं. कार्बन डायऑक्साइड तर बाहेर पडतोच. शिवाय जाळी अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापेपर्यंत तिचं काम नीट सुरू होत नाही. म्हणजे चालू केल्यावरची पहिली काही मिनिटं सर्वात वाईट, आणि नेमकी तीच मिनिटं मी आजींच्या उंबऱ्याला देत होतो. आता मी चहा आधी पितो. गाडी चालू केली की लगेच सावकाश निघतो.

कवितासंग्रह पुढच्या वर्षावर गेला. मित्र विचारतात, पुस्तकाचं काय झालं? मी सांगतो, गाडीखाली आलं.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही कोल्हापूरला निघालो. थंडी होती, तरी बायकोनं तिच्या बाजूची काच थोडी उघडी ठेवली. मी काही बोललो नाही. अंकलीचा पूल आला. नात जागी होती. नदीत पाणी कुठून येतं, म्हणून विचारत होती. जयसिंगपूर गेलं, ती जागीच. उसाचा ट्रॅक्टर लागला, तर तिला ऊस हवा होता. नाना, ट्रॅक्टरला दोन डबे का? नाना, ऊस कुठे चाललाय? नाना, तुम्ही बोलत का नाही? हातकणंगल्यापर्यंत तिनं मला भंडावून सोडलं.

शिरोलीजवळ मी आरशातून मागे पाहिलं आणि बायकोला विचारलं, "डोकं कसं आहे?"

मी हे आपण होऊन विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. ते तिच्या लक्षात आलं असावं. म्हणाली, "डोकं ठीक आहे. या पोरीनं दुखवलं नाही तर."